दाइजोबु म्हणताना छातीत धस्स होतं तेव्हा

नागोयाला येऊन मला पाच वर्षं झाली. इचलकरंजीला फोन केला की अजूनही कुणी ना कुणी विचारतं, तिकडं जाऊन काय शिकलीस? भाषा शिकले, सायकलवरून स्टेशन गाठायला शिकले, भूकंपाचा अलार्म वाजला की टेबलाखाली शिरायला शिकले, असं काहीबाही मी सांगते. खरं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. माझी एक सवय होती, ती इथं आल्यावर मला पहिल्यांदा दिसली आणि ती मोडायला पुढची दोन वर्षं गेली. अजूनही ती पुरती गेली आहे असं म्हणवत नाही.

सवय अशी. काम अडलं की वरच्याला सांगायचं नाही. "कुठवर आलं?" असं कुणी विचारलं की "झालंच" म्हणायचं. मग रात्र जागून, कुणाला तरी गुपचूप फोन करून कसंबसं ते पुरं करायचं आणि सकाळी हसत हजर व्हायचं. चाकणला मी सहा वर्षं नोकरी केली, तिथं ही गोष्ट मला कधी खुपली नाही. उलट "हिला काम दिलं की परत बघायला लागत नाही" असं माझं नाव होतं आणि त्याचा मला अभिमान होता. झालंच, होऊन जाईल, बघते मी, टेन्शन घेऊ नका सर. दिवसभरात हे किती वेळा तोंडून जायचं त्याचा हिशोब नाही.

जपानीत या सगळ्याला मिळून एकच शब्द मिळाला: दाइजोबु. ठीक आहे, चालेल, काळजी नको, लागलं नाही ना, कशालाही दाइजोबु. नव्या माणसाला जपानी बोलताना या शब्दाचा फार आधार वाटतो. पहिल्या वर्षी मी तो सर्रास वापरला.

मी इथं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका स्टीलच्या भागात २४ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे गोल भोक, असतं. ते २४.००० च्या खाली जायला नको आणि २४.०३३ च्या वर जायला नको. दर दोन तासांनी लाइनवरून पाच नग येतात, ते मोजून मी तक्त्यात भरायची. एरवी आकडा २४.०२० च्या आसपास असायचा. त्या मंगळवारी तो २४.०१२ झाला, दुपारी २४.००९, सुटायच्या वेळी २४.००६. सगळे नग मापात होते. पण बोअर लहान होत चाललंय हे तक्त्यावरची रेघ बघून शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं.

मला कळलं होतं. मी ठरवलं की आधी कारण शोधायचं, मग सांगायचं. स्टीलची हीट, म्हणजे भट्टीतला घाणा, बदलली आहे का, इन्सर्टचा, म्हणजे कापणाऱ्या टोकांचा, बॉक्स नवा आहे का, मोजायच्या खोलीचं तापमान बरोबर आहे का, हे सगळं मी एकटीच तपासत बसले. बुधवारी सकाळी उभ्या-उभ्या होणाऱ्या मीटिंगमध्ये आमच्या काचोंनी, म्हणजे सेक्शनच्या साहेबांनी, रोजच्यासारखं विचारलं, काही वेगळं आढळलं का? मी म्हटलं, दाइजोबु देस.

अंधारात पायरी चुकल्यावर होतं, तसं तेव्हा छातीत धस्स झालं. ते मला अजून आठवतं. पण तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

गुरुवारी रात्रपाळीला गो-गेज, म्हणजे भोक मापात आहे का ते आत घालून बघायची दांडी, बोअरमध्ये जाईना. शुक्रवारी कारण सापडलं, आणि ते लाइनवरच्या माणसाला मशीनजवळ उभं राहून दहा मिनिटांत सापडलं. मशीन साफ करताना कूलंटचा, म्हणजे थंडावा देणाऱ्या द्रवाचा, नोझल जरासा वळला होता. धार इन्सर्टच्या टोकावर पडत नव्हती, त्यामुळे तो ठरलेले नग व्हायच्या आधीच झिजत होता. मी तीन दिवस मोजमापाच्या खोलीत जे शोधत होते, ते तिथं नव्हतंच.

शनिवारी आम्ही सात जण ३६०० नग हातानं तपासायला बसलो. माझ्या शेजारी लाइनवरच्या एक बाई होत्या, साठीच्या आसपासच्या. एक नग उचलायचा, कापडानं तेल पुसायचं, गेज आत सोडायचं, फिरवायचं, काढायचं. गेला तर डावीकडे, अडला तर लाल पेटीत. त्यांचा हात एका लयीत चालला होता. पेटीत नग पडल्याचा आवाज आला की मी दर वेळी मान खाली घालत होते. दिवसाअखेर लाल पेटीत ४१ नग होते. मला कुणीही एक शब्द बोललं नाही. दुपारी त्या बाईंनी डब्यातली एक ओनिगिरी, भाताचा गोळा, माझ्यापुढं ठेवली आणि परत कामाला लागल्या. त्यांचा शनिवार मी घेतला होता. त्यांना घरी नातवंडं होती की आणखी काही, हे मी विचारलंही नाही.

सोमवारी काचोंनी मला बोलावलं. मी पाठ करून गेले होते: चूक झाली, यापुढे काळजी घेईन. ते म्हणाले, "काळजी घेईन हा उपाय होत नाही. तुम्ही मंगळवारी का नाही सांगितलंत?" आणि पाच वेळा 'का' विचारायचा तो कागद माझ्यापुढं सरकवला, मशीन बिघडलं की भरतात तोच. फक्त या वेळी वरच्या ओळीत मशीनचं नाव नव्हतं.

पहिला 'का' सोपा होता. कारण सापडलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. दुसरा: कारणाशिवाय सांगायला गेलं तर आपल्याला काम येत नाही असं दिसेल, म्हणून. तिसऱ्याला मी थांबले. चाकणला माझे पहिले साहेब म्हणायचे, प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्युशन घेऊन या. ते मी लिहिलं. चौथ्या ओळीवर पेन टेकवलं आणि एकदम आठवीतलं आठवलं. गणिताच्या चाचणीचा लाल शेऱ्यांचा कागद मी चार दिवस दप्तराच्या तळाशी ठेवला होता, अण्णांचा मूड बरा असेल तेव्हा दाखवू म्हणून. हे जपानीत कसं लिहायचं ते मला कळेना. चौथी आणि पाचवी ओळ कोरी ठेवून मी कागद परत दिला. काचोंनी तो घेतला, वाचला, फाइलला लावला आणि "चला, मशीन बघून येऊ" म्हणाले. एवढंच.

त्याच महिन्यात एका रविवारी मी साको स्टेशनजवळच्या तोयोताच्या संग्रहालयात गेले. लाल विटांची जुनी इमारत, माग बनवणाऱ्या साकिचि तोयोदांच्या कारखान्याच्याच जागेवरची. गाड्या तिथं पुढच्या दालनात आहेत, आधी माग. इचलकरंजीच्या माणसाला त्या दालनात पाऊल टाकलं की घरी आल्यासारखं होतं. तो खडखडाट, तो तेलाचा आणि सुताचा वास. माझे अण्णा तीस वर्षं यंत्रमागावर होते. तिथं १९२४ चा स्वयंचलित माग ठेवलाय आणि तो चालू करून दाखवतात. दाखवणाऱ्या बाईंनी चालत्या मागावरचा ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा मुद्दाम तोडला. प्रत्येक धाग्यावर पातळ पत्र्याची एक पट्टी तोललेली असते. धागा तुटला, पट्टी पडली, माग थांबला.

मी ते तीनदा बघितलं. आमच्याकडच्या साध्या मागाला ताण्यासाठी अशी सोय नव्हती. धागा तुटला तरी माग चालतच राहतो आणि कापडात चीर पडत जाते. अण्णा चार माग एकटे बघायचे, नजर सतत धाग्यांवर. तुटलेला दिसला की धावत जाऊन माग बंद करायचे, गाठ मारायचे, पुन्हा चालू. त्यांनी तुटलेला धागा कधी दडवला नाही, कारण दडवून उपयोगच नव्हता, कापड घडी करताना तो दिसायचाच. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आणि तरीही मंगळवारचा तुटलेला धागा मी शुक्रवारपर्यंत विणत राहिले. संग्रहालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून मी बराच वेळ रडले.

नुसतं रडून सवय जात नाही. माझ्या मते अडचण ही होती की मला ती सवय घडताना दिसायचीच नाही, मागाहून दिसायची. "झालंच" हे तोंडून निघून गेलेलं असायचं.

त्यात मला उपयोगी पडली कारखान्यातलीच एक पद्धत. अपघात होता होता वाचला की इथं एक चिठ्ठी भरतात. त्याला हियारी-हात्तो म्हणतात. हियारी म्हणजे अंगावर सर्रकन काटा येणं, हात्तो म्हणजे एकदम दचकणं. आपलं 'काळजात धस्स झालं' अगदी तेच. पाय घसरला पण पडलो नाही, बोट अडकणार होतं पण अडकलं नाही, अशा गोष्टी लिहायच्या. म्हणजे शरीराला जे आधी कळलं ते कागदावर येतं. मी म्हटलं, दाइजोबु म्हणताना माझ्याही छातीत धस्स होतंच की. मग त्याचीच चिठ्ठी भरायची.

खिशात एक छोटी वही ठेवली. "ठीक आहे" म्हटलं आणि छातीत धस्स झालं की एक टिंब द्यायचं. थांबवायचं नाही, स्वतःला बोल लावायचा नाही, फक्त टिंब. पहिल्या आठवड्यात १४ टिंबं झाली. त्यातली चार ऑफिसची नव्हतीच. एक तर आईला फोनवर "जेवले ना" म्हटलं त्याचं होतं, तेव्हा मी नुसता चहा पिऊन बसले होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक बदल जाणवला. टिंब द्यायची आठवण शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधी यायला लागली. त्या अर्ध्या क्षणात दुसरं काही बोलायला जागा मिळाली.

पण काय बोलायचं? इथंही मला आयता साचा मिळाला. जपानी ऑफिसात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच होरेन्सो शिकवतात. होकोकु, रेन्राकु, सोदान, म्हणजे कळवणं, खबर देणं, सल्ला घेणं, या तिघांची आद्याक्षरं. होरेन्सोचा दुसरा अर्थ पालकाची भाजी, त्यामुळे कुणी विसरत नाही. १९८२ मध्ये एका शेअर कंपनीचे अध्यक्ष यामाझाकि तोमिजि यांनी हा शब्द रूढ केला. मला वाटायचं हे वरच्यांना खूश ठेवण्यासाठी आहे. पण यामाझाकींना हवं होतं ते निराळंच: खालच्या माणसाला वाईट बातमी वर न्यायला सोपं जावं असं वातावरण ठेवायचं, हे वरच्यांचं काम. आमच्या काचोंनी त्या सोमवारी आवाज चढवला असता, तर मी पुढच्या वेळी आणखी खोल दडवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. घरी कुणी साहेब किंवा मॅडम हे वाचत असतील तर एवढं मनावर घ्या, ही विनंती.

मी माझ्यापुरती तीन वाक्यं जपानीत घोटून पाठ केली. "एक वेगळं दिसतंय." "कारण मला अजून माहीत नाही." "तुम्ही बघायला याल का?" दुसरं वाक्य सगळ्यात जड गेलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज कापत होता.

आकडे भरतानाही एक गोष्ट बदलली. इथले रेल्वेचे गार्ड बोट दाखवून मोठ्यानं बोलत सिग्नल तपासतात, पहिल्यांदा येणारे सगळेच त्याचा व्हिडिओ काढतात. १९९४ मध्ये इथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं साध्या कामावर प्रयोग केला, तेव्हा बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर चुका सहाव्या हिश्श्यावर आल्या. मी तक्त्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचते, मराठीत. "शून्य शून्य सहा. खाली चाललंय." कानावर आपलाच आवाज पडला की ते माहीतच नव्हतं असं मनाला सांगता येत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सेक्शनला व्हिएतनामचा एक मुलगा आला. मेहनती, सगळ्यांच्या आधी येणारा. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, तपासणीचा अहवाल कुठवर आला? तो हसला आणि म्हणाला, दाइजोबु देस. त्याचा हात माउसवर होता आणि बोटं हलत नव्हती. मला ते हसू ओळखीचं होतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हटलं, जेवढं झालंय तेवढं दाखव, कमी असलं तरी चालेल. त्यानं फाइल उघडली. वर तारीख आणि भागाचा नंबर, खाली सगळं कोरं. ड्रॉइंगमधली एक खूण त्याला वाचता येत नव्हती आणि चार दिवस तो तिथंच अडकला होता. ग्राहकाला अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

ती खूण मला येत होती, रात्री बसून मी तो अहवाल त्याला करून देऊ शकले असते. वहीतलं एक टिंब तिथंही पडलंच. मग आम्ही दोघं उठून काचोंच्या टेबलाकडे गेलो. तो बोलला, अडखळत. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.