कोरडा ब्रश

खुर्चीत सासूबाई तोंड उघडून बसलेल्या, सूनबाई माझ्या कोपराशी उभी. मी कीटण खरवडत असते आणि हळूच प्रश्न येतो, "मॅडम, हिरड्यांतले जंतू मेंदूत जाऊन माणूस विसरायला लागतो म्हणतात, ते खरं का हो?"

साताऱ्यात 27 वर्षं दात बघतेय. पूर्वी या वेळेला एकच प्रश्न ठरलेला असायचा, दात साफ केले की हलायला लागतात का. (नाही. ते आधीच हलत असतात, कीटणाने नुसते धरून ठेवलेले असतात.) आता हा नवा आलाय.

त्या जंतूचं नाव पोर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. पायरियात हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत आमची मोजायची सळई 3 मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही, पायरियात सहा-सात सहज जाते. हवा न पोचणाऱ्या त्या खाचेत हा जंतू सुखाने नांदतो आणि चावताना, ब्रश करताना थोडाथोडा रक्तात उतरतो. इथवर वाद नाही.

वाद सुरू होतो तो 2019 पासून. 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक निबंध आला. अल्झायमर, म्हणजे विसरण्याचा आजार, होऊन वारलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर 90 टक्क्यांहून जास्त मेंदूंत या जंतूची जिंजिपेन नावाची एन्झाइम्स सापडली. उंदरांच्या तोंडात जंतू सोडले, ते मेंदूत पोचले आणि तिथे अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, वाढलं. बातमी जगभर गेली. मात्र विसर न पडलेल्या काहींच्या मेंदूतही ती एन्झाइम्स होती, हे बातमीत मागे पडलं. शिवाय संशोधनामागे कॉर्टेक्झाइम ही अमेरिकी कंपनी होती आणि तिला याच एन्झाइमला अडवणारं औषध काढायचं होतं. त्यात गैर काही नाही, पण लक्षात ठेवावं.

औषध निघालं, ॲटुझाजिनस्टॅट. अमेरिका आणि युरोपातल्या 643 रुग्णांवर चाचणी झाली. ऑक्टोबर 2021 मध्ये निकाल आला, स्मरणशक्तीची घसरण थांबली नाही. काहींच्या यकृतालाही त्रास झाला. ज्यांच्या लाळेत तो जंतू होता त्यांची घसरण जरा मंदावल्यासारखी दिसली, पण तेवढ्यावर मी कुणाला आशा लावणार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांची, टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली. त्यांत मधुमेह आहे, तंबाखू ओढणं आहे, कमी ऐकू येणं आहे. हिरड्या नाहीत.

म्हणून मी सूनबाईंना म्हणते, संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही. त्यांचं समाधान होत नाही, आणि का होत नाही ते मला कळतं. त्यांना विचारायचं असतं, आम्ही यांचे दात आधीच दाखवले असते तर?

हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षं विचारलाय. माझ्या आईला डिमेन्शिया होता. आणि मी दातांची डॉक्टर.

आई टापटिपीची. पण सत्तरीनंतर तिच्या दातांवर पिवळट थर दिसायला लागला, हिरड्या सुजून लाल. मी चिडायचे. "आई, लोक काय म्हणतील, डॉक्टरची आई!" ती म्हणायची, "घासले की गं सकाळीच." एकदा तिच्यामागोमाग न्हाणीघरात गेले आणि ब्रशवरून बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. तेव्हाही मला वाटलं, म्हातारपणी आळस आला. खोटं बोलते, याचा राग जास्त आला. ती खोटं बोलत नव्हती. घासलेत असंच तिला वाटत होतं. नावं विसरायला, दूध उतू जायला त्यानंतर दीडेक वर्षाने सुरुवात झाली.

म्हणजे बाणाचं टोक उलटंही असतं. अल्झायमरमधले मेंदूतले बदल लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेले असू शकतात. मग आधी हिरडी बिघडली की आधी मेंदू, हे दहा वर्षं माणसं तपासूनही नीट सांगता येत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर आता कायम स्वच्छ तोंडाने येणारा पेशंट अचानक कीटण घेऊन आला, तर मी रागवत नाही. बरोबरच्या माणसाला बाजूला घेऊन विचारते, घरी बाकी सगळं ठीक आहे ना? पैशांचे हिशेब, औषधांच्या वेळा?

पुढे पुढे आई ब्रश तोंडात घालू देईना. दात आवळून धरायची, एकदा माझं बोट चावली. दातांच्या डॉक्टरने हे कुणाला सांगावं! मग एकदा सहज, दुकानातून लाल दंतमंजनाची डबी आणली. लहानपणी आमच्या घरी तेच असायचं. डबीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला मात्र, आईने डाव्या तळव्याची वाटी करून समोर धरली. चिमूटभर मंजन टाकलं. उजवं बोट आपोआप त्यात बुडलं आणि तोंडात गेलं. आधी वरचे दात, मग खालचे, मग आतून. असं मंजन खरखरीत, दात झिजवतं, म्हणून मी कुणालाही वापरू देत नाही. त्या दिवशी गप्प उभी राहिले.

चूळ भरून तिने माझ्याकडे बघितलं. माझं नाव तिला तेव्हा येत नव्हतं.

"तू घासलेस का गं?"