भुरी, काळी आणि पावसाळ्यातलं खुराडं

कोकणात पाऊस लागला की कोंबड्यांचं सगळं तंत्रच बदलतं. एरवी सकाळी खुराड्याची फळी उघडली की आमच्या कोंबड्या परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, तिथून शेजारच्या काजूखाली, आणि तिन्हीसांजेला आपल्या पायांनी घरी. दिवसभर त्या काय करतात याचा हिशोब ठेवावा लागत नाही. जूनपासून मात्र परड्यात घोटाभर चिखल, आणि त्यात एक मुंगूस सोकावलं होतं. भर दुपारी पिल्लं उचलायचं. म्हणून पाऊस उघडेपर्यंत सगळ्यांना आतच ठेवायचं ठरलं. कुडाळ तालुक्यातलं आमचं घर जुनं, मागच्या पडवीला लागून लाकडी खुराडं. ते रात्रीपुरतं. दिवसभर राहायला ते कुणी बांधलेलंच नव्हतं.

त्याच सुमाराला ग्रामप्रियाच्या चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या, आणल्या होत्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी काढलेली ही जात, अंड्याला आमच्या गावठीपेक्षा कितीतरी सरस. पण आमच्या गावठीत भुरी होती, आणि भुरी म्हणजे खुराड्यातली मुकादम.

नवी तलंग दाण्याजवळ आली की भुरी मान ताठ करायची, गळ्याची पिसं फुलवायची आणि नेम धरून तुऱ्यावर टोचा मारायची. तलंग मान खाली घालून सरकली की विषय संपला. नाही सरकली तर पाठलाग. कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे या माणसाने लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघून बघून, कोण कुणाला टोचते याची उतरंडच मांडली आणि 1922 मध्ये ती छापलीही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे न छापता ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी. अशी टोचाटोची आठवडाभरात निवते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग एका सकाळी तलंगांतली ठिपकी कोपऱ्यात तोंड घालून उभी दिसली. शेपूट जवळजवळ गायब, शेपटीच्या बुडाशी लालभडक कातडी, आणि नव्याने उगवत असलेल्या दोन पिसांच्या नळ्या मोडून त्यातून रक्त आलेलं. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त खेळतं असतं, ती मोडली की भळभळते. बाकीच्या सगळ्या तिच्यामागे, आलटून पालटून.

शेजारच्या काकींनी कुडणावरून बघितलं आणि निकाल दिला, "रगाताची चव लागली गो, आता ती तिका सोडूची नाय." ती म्हणजे अर्थात भुरी. उपाय दोन: भुरीची चोच तव्यावर डागायची, नाहीतर भुरी शिजवायची.

ठिपकीला आधी उचललं. रक्त दिसतंय तोवर तिला त्यांच्यात ठेवण्यात अर्थ नव्हता, लाल काही दिसलं की कोंबडी टोचणारच. कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा कण टाकून, पाणी जेमतेम गुलाबी होईल इतकाच, जखम धुतली, कापसाने टिपून सुकवली आणि वर जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे ते जांभळं औषध, लावलं. त्याने जखम सुकते आणि लाल रंगही झाकला जातो. पावसाळ्यात सगळ्यात मोठी भीती माश्यांची. जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून तिला डालग्यात, म्हणजे कोंबडी ठेवायच्या टोपलीत, घालून वर जुनी मच्छरदाणी टाकली. डालगं ठेवलं मात्र सगळ्यांच्या नजरेसमोर. कळपातून कोंबडी पूर्ण नजरेआड केली की परत आल्यावर ती परकीच ठरते.

चोच डागायला मन घेईना. हॅचरीत पिल्लं लहान असताना तापलेल्या पात्याने चोचीचं टोक उडवतात, ते मोठ्या शेडमधल्या हजारो पक्ष्यांसाठी. आमच्या कोंबड्यांना पाऊस उघडला की वाळवी उकरून खायची असते, बोथट चोचीने ते कसं जमणार? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "टोचतात कुठे? डोक्यावर, शेपटीवर, की गुदाजवळ?" मला वाटत होतं टोचणं म्हणजे टोचणं. त्यांचं म्हणणं, तिन्हींची कारणं वेगळी. डोक्यावरचा टोचा हा मानपानाचा. पिसं उपटणं म्हणजे बहुतेक वेळा जमीन उकरायची राहिलेली हौस किंवा पोटातली उणीव. आणि अंडं घालताना बाहेर आलेला लाल भाग दिसला की तिथे टोचतात, तो प्रकार जिवावर बेततो. पाठ उघडी पडलेली असेल तर कोंबडा आहे का तेही बघा म्हणाले, त्याच्या नख्यांनीही पिसं जातात. आमच्याकडे तेव्हा कोंबडा नव्हता.

घरी येऊन पडवीत पाट टाकून बसले. हातात चहा, समोर खुराड्याची जाळी. भुरी आपली नेहमीसारखी दाण्यावर दादागिरी करत होती, पण सगळा मारा डोक्यावर. शेपटीकडे तिने ढुंकून बघितलं नाही. दुपारी, सगळ्या पोटात पाय घेऊन पेंगत असताना, काळी उठली. काळी म्हणजे कळपातली सगळ्यात गरीब, भुरीला बघून पळणारी. ती हळूच दुसऱ्या तलंगेच्या मागे गेली, एक पीस चिमटीत धरल्यासारखं धरलं, झटका दिला, आणि ते गिळून टाकलं. तलंगेने नुसतं अंग हलवलं. काळीने दुसरं धरलं.

तेव्हा मला खुराड्याच्या जमिनीचा उलगडा झाला. कोंबड्या पिसं टाकतात तेव्हा कोपऱ्या-कोपऱ्यात पिसांचा कचरा साठतो. आमच्याकडे अर्ध्या कोंबड्या विरळ झाल्या होत्या आणि जमीन स्वच्छ.

पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनच. आणि आम्ही घालत काय होतो? तांदळाची कणी, कोंडा आणि घरातलं उरलंसुरलं. कणीत प्रथिनं सात-आठ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा ते अठरा. बाहेर हिंडत होत्या तेव्हा वाळवी, नाकतोडे, गांडुळं यांनी ती तूट भरून निघायची. कोंडल्यावर तूट तशीच राहिली. दुकानातून लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणलं आणि कणी नुसती संध्याकाळी मूठभर ठेवली. बाजारात शेंगपेंड स्वस्त मिळत होती, पण पावसात तिला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष कोंबड्यांना फार बाधतं, म्हणून ती टाळली. खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा घालायचा तर मीठ धुऊन काढावं लागतं. तेवढा खटाटोप मी केला नाही. तिसऱ्या म्हणतात त्या खाडीतल्या मासळीची शिंपली मात्र, अंड्याच्या कवचासाठी, वाळवून, पाट्यावर भरड कुटून वेगळ्या करवंटीत ठेवली.

रात्री बॅटरी घेऊन एकेक कोंबडी उलटी करून बघितली. गुदाजवळच्या पिसांच्या बुडाशी उवांच्या लिखांचे पांढरे गठ्ठे चिकटलेले. साहजिक होतं, कोरड्या मातीत लोळायला मिळालंच नव्हतं. डॉक्टरांनी दिलेली पावडर लावली आणि घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख भरून पडवीत ठेवली. त्यावर पहिली झेप भुरीची, हे सांगायला नकोच.

पण खरा फरक जागेने पडला. आमचा गोठा गुरं विकल्यापासून लाकडं आणि नारळाची सोडणं ठेवायला होता. नवऱ्याने कुरकुरत तो रिकामा केला. जमिनीवर भाताचं तूस पसरलं आणि त्यात थोडे दाणे मिसळून टाकले, म्हणजे दिवसभर उकरत बसतील. बांबूच्या काठ्या आडव्या बांधल्या, सगळ्या एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या काठीवरून रोज भांडण. दाण्याची भांडी दोन केली आणि एकाजवळून दुसरं दिसणार नाही अशी, मधे जुनं दार आडवं लावून. एका भांड्यावर भुरी पहारा देते तेव्हा दुसऱ्यावर बाकीच्या जेवतात. शेवग्याच्या डहाळ्या डोक्याच्या उंचीला टांगल्या. काळी त्यांच्यावर तुटून पडायची.

भुरीचं काय? तिला मी डालग्यात घालून पुढच्या पडवीत, कळप दिसणार नाही अशी ठेवली. ठिपकीला नजरेसमोर ठेवलं आणि भुरीला नजरेआड, ते मुद्दामच. मुकादम चार-पाच दिवस नसली की मागे उतरंड नव्याने लागते. तोवर जखम भरलेली ठिपकी आणि एक तलंग, दोघींना जोडीने, रात्री काठीवर नेऊन बसवलं. एकटी घातली असती तर सगळ्यांचे टोचे तिच्यावरच पडले असते. मग भुरीला परत आणलं, तेही रात्री. सकाळी ती उठली, एकीकडे गेली, टोचा मारला. समोर ग्रामप्रियांतली सगळ्यात दांडगी तलंग होती, तिने उलटा मारला. भुरी थबकली आणि बाजूला जाऊन माती उकरू लागली, जणू तिला तेच करायचं होतं. मुकादमकी गेली नाही, पण तिची धार गेली.

काळीचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. खाणं सुधारलं, जागा वाढली, बाकीच्यांची पिसं शाबूत राहू लागली, पण काळीला लागलेली खोड पूर्ण सुटली नाही. दुपारी सगळ्या पेंगल्या की तिची नजर फिरायचीच. घरात तिच्याबद्दल मत एकच होतं, आणि त्या मतात वडे होते. श्रावण आडवा आला म्हणून ती वाचली. मी दुपारच्या वेळी तिला वेगळी ठेवू लागले. गणपतीनंतर पाऊस कमी झाल्यावर सगळ्या पुन्हा परड्यात जाऊ लागल्या, तेव्हा ती दिवसभर वाळवीच्या मागे असायची आणि कुणाच्या शेपटीकडे बघायची नाही. रात्री मात्र अजून डालग्यातच झोपते.

ठिपकीचं शेपूट अर्धं आलं. मुळापासून उपटलेली पिसं काही आठवड्यांत पुन्हा फुटली, पण जी मधेच मोडली त्यांचे खुंट तसेच आहेत. ते पुढची पिसं टाकण्याची वेळ येईल तेव्हाच पडतील. तोवर तिचं नाव लांडी झालं आहे, आणि ती दांडग्या तलंगेच्या आडोशाने पहिल्या भांड्यावरच जेवते. पुढच्या पावसाआधी गोठ्याच्या एका बाजूला जाळी लावून घ्यायची आहे, आणि नव्या तलंगा आणायच्याच असतील तर दिवाळीनंतर, परडं सुकं असताना.