मुद्रादोष

दुपारी घरातली सगळी आडवी झाली होती, म्हणून आवाज बंद ठेवून फोनवर काहीबाही बघत पडले होते. एका जुन्या, कृष्णधवल चित्रफितीत एक ठेंगणी मुलगी गात होती. आवाज नाहीच, नुसते हात. खांद्यापासून मागे जाऊन, पोहताना फिरतात तसे गोल फिरून पुढे येणारे. ब्राझीलची एलिस रेजिना. मी तिला ऐकलं होतं, गाताना पाहिलं नव्हतं.

आमच्या गाण्याच्या बाईंची हातांवर फार नजर. मोकळा हात मांडीवर पालथा ठेवायचा. तान घेताना तो उचलला की "अगं, माशा मारतेस का?" तोंड वाकडं होऊ नये म्हणून आरशासमोर बसवून आलाप घ्यायला लावायच्या. आरशात मला स्वतःच्या दातांतली फट तेवढी दिसायची; षड्ज कुठे गेला त्याचा पत्ता नसायचा. मोठ्या गवयांनी मात्र हवेत कितीही जिलब्या पाडाव्यात, तिथे बाईच माना डोलावणार!

एलिसला भेटला तो लेनी डेल, अमेरिकन नर्तक. त्याने तिला हात मोकळे सोडायला शिकवलं. तेही कुठे, तर बोसा नोव्हा या ब्राझीलच्या हळुवार गानशैलीच्या राज्यात, जिथे गायक झुआंव झिल्बेर्तोसारखं कानात कुजबुजल्यागत गाणं हीच खानदानी रीत. १९६५च्या एप्रिलमध्ये टीव्ही एक्सेल्सिओरच्या गीतमहोत्सवात ती 'अरास्ताँव' गायली. गाणं एदू लोबो आणि विनिसियस द मोराईस यांचं, रापण ओढणाऱ्या कोळ्यांचं. नुकती विसावी पुरी झालेली. गाणं पहिलं आलं, आणि त्या हातांवरून लोक तिला 'एलिसकॉप्टर' म्हणायला लागले.

पुढे हात निवले म्हणतात, पण चेहरा काही आवरला नाही. एक विरहगीत गाताना टीव्हीवर ती चक्क रडते. १९७४मध्ये संगीतकार तोम जोबिमबरोबर त्याचं मार्चच्या पावसाचं गाणं गाते, ते संपत येताना तिला हसू फुटतं, आणि ते हसू तसंच ध्वनिमुद्रिकेत राहिलंय. त्या हसण्यासाठी मी गाणं कितीदा मागे नेते! बाईंनी ते पुन्हा गायला लावलं असतं.

तिचं सगळंच काही कौतुकाचं नव्हतं. १९७२मध्ये लष्करी राजवटीच्या सोहळ्यात ती गायली, तेव्हा एन्फिल या व्यंगचित्रकाराने आपल्या चित्रात तिला जिवंतपणी पुरून टाकलं. तिला ते फार लागलं. मग १९७९मध्ये तिने झुआंव बोस्को आणि आल्दिर ब्लांक यांचं एक गाणं गायलं; दारुड्याचं आणि दोरीवर चालणाऱ्या आशेचं. त्यात एन्फिलचा परागंदा भाऊ घरी परत यावा, अशी आस आहे. तिने ती ओळ मनापासून गायली. त्याच वर्षी राजवटीच्या विरोधकांसाठी माफीचा कायदा झाला, आणि भाऊ खरोखरच परत आला.

एलिस १९८२च्या जानेवारीत गेली. ३६ वर्षांची होती.