फायरप्लेस पेटते, पण ब्लोअर फिरत नाही

मिशिगनच्या थंडीत आमची गॅसची फायरप्लेस नीट पेटत होती, पण खालचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा, काही सुरू होईना. तो बंद असला की बरीचशी ऊब काचेपाशीच अडकते, खोलीभर पसरत नाही.

आग पेटली म्हणजे वीज येतेय, असं इथे धरू नका. ज्या फायरप्लेसमध्ये पायलट, म्हणजे मोठी आग पेटवणारी छोटी ज्योत, कायम जळत असतो, तिथे गॅसचा व्हॉल्व्ह त्या ज्योतीच्या उष्णतेतून मिळणाऱ्या मिलिव्होल्टवर चालतो. ब्लोअरला मात्र 120 व्होल्ट लागतात. म्हणून मी आधी खालच्या जाळीमागचं सॉकेट मल्टिमीटरने तपासलं. 121 व्होल्ट, म्हणजे वीज ठीक.

पुढच्या कामाआधी गॅसचा कॉक बंद, पायलट बंद, पॅनलमधला ब्रेकर खाली, आणि दोन तास थंड होऊ दिलं. गॅसचा वास येत असेल तर कशालाही हात न लावता घराबाहेर पडून गॅस कंपनीला फोन करायचा. भारतात वायरिंग शिकलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: आपल्याकडे काळी वायर न्यूट्रल, इथे काळी वायर फेज. न्यूट्रल पांढरी आणि अर्थिंग हिरवी किंवा उघडी तांब्याची. जुन्या सवयीने काळ्या वायरला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

पंखा लगेच सुरू होत नाही, तो मुद्दामच तसा जोडलेला असतो. फायरबॉक्सच्या पत्र्याला चिकटलेली रुपयाएवढी थर्मल चकती तापली की आत टिक्‌ होऊन संपर्क जुळतो आणि मग पंख्याला वीज मिळते. आमची 120 फॅरनहाइटची, म्हणजे साधारण 49 सेल्सिअसची होती. तिला दहा-पंधरा मिनिटं लागतात. चकतीचं चुंबक घसरून ती पत्र्यापासून जराशी सुटली, तरी पुरेशी तापत नाही. आमची जागेवर घट्ट होती. दोन्ही वायरी काढून मल्टिमीटर लावला. थंड असताना संपर्क तुटलेला, ते बरोबरच. मग हेअर ड्रायरने तीन मिनिटं तापवली. चांगली चकती टिक्‌ करते आणि मीटर वाजतो. इथे टिक्‌ नाही, आवाज नाही. चकती गेलेली.

तरी मोटर तपासल्याशिवाय पार्ट मागवू नये. चकतीच्या दोन वायरी वायरीच्याच एका तुकड्याने तात्पुरत्या एकमेकींना जोडल्या, टेपने झाकल्या आणि ब्रेकर वर केला. वेगाच्या बटणाचं एक ध्यानात ठेवा: बऱ्याच बटणांवर ‘ऑफ’च्या लगेच पुढे सर्वांत जास्त वेग असतो, शेवटी सर्वांत कमी. कमी वेगावर थकलेली मोटर उठतच नाही, म्हणून चाचणी जास्त वेगावर घ्यावी. पंखा फिरला, पण खरखरत आणि थरथरत. ब्रेकर पुन्हा खाली केला आणि तो तुकडा लगेच काढला. तसाच ठेवला तर आग पेटण्याआधीच पंखा गार हवा फेकत बसतो.

ब्लोअर दोन विंग नटांवर होता. वायरींचा फोटो काढला आणि गॅसच्या लवचीक नळीवर ताण न देता तो तिरका करून बाहेर घेतला. लांबट ड्रमच्या पातळ पात्यांत धूळ आणि कुत्र्याचे केस यांचा नमद्यासारखा थर बसला होता. जुन्या टूथब्रशने एकेक पातं साफ केलं. पात्यावर एखादी छोटी पत्र्याची क्लिप दिसली तर ती काढू नका. ते तोल साधायचं वजन असतं, ते काढलं की थरथर वाढते.

साफ करूनही हाताने फिरवल्यावर ड्रम एका फेरीत थांबायचा. म्हणजे बुश, ज्यांत मोटरचा दांडा फिरतो त्या धातूच्या नळ्या, कोरडे पडले होते. ही शेडेड पोल मोटर असते. छताच्या पंख्यासारखा कपॅसिटर यात नसतो, त्यामुळे तो बदलायचा प्रश्नच नाही. सुरुवातीचा जोर इतका कमी असतो की जराशा घर्षणानेही ती नुसती गुणगुणत बसते. तेलासाठी भोकं होती, तिथे दोन्ही टोकांना एसएई 20 (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) तेलाचे दोन-दोन थेंब सोडले. शिवणयंत्राचं तेल या उष्णतेत फार पातळ पडतं. गंज सोडवणारा स्प्रे तर मुळीच नको, तो उडून जातो आणि बुश पुन्हा कोरडे. सीलबंद बेअरिंग असेल तर तेल घालायचंच नाही. आता टिचकी मारली की ड्रम आवाज न करता बऱ्याच फेऱ्या घेत होता.

नवी चकती त्याच तापमानाची घेतली. आकडा मागे छापलेला असतो. एका जुन्या वायरीचं टोक करपून ठिसूळ झालं होतं, ते कापून उष्णता सोसणारं पाव इंची टर्मिनल दाबून बसवलं. साधं प्लास्टिकच्या टोपीचं टर्मिनल तिथे वितळतं. गॅस सुरू केल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत.

पायलट लावून आग पेटवली. बाराव्या मिनिटाला टिक्‌ झालं आणि पंखा सुरू झाला. आग बंद केल्यावरही वीसेक मिनिटं तो फिरत राहिला, मग दुसरं टिक्‌.