तुम्ही विचारलंत म्हणून : पत्र्याखाली का झोपतो

पाहुणे मुक्कामी आले की अंथरुणं टाकताना प्रश्न येतोच. "सर, घर मोकळं टाकून तुम्ही अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत का झोपता?" २०२४ च्या जुलैत हिंगोलीकडं ४.५ चा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा मेव्हण्यानं फोनच केला. "दाजी, अजून भीती जात नाही का?"

भीती नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेली घरं जुन्या दगडमातीच्या घरांपेक्षा पक्की आहेत, हे मी स्वतः वर्गात शिकवतो.

१९९३, अनंत चतुर्दशी. मी अकरा वर्षांचा. आई-दादा रानात राशीवर. विसर्जनाहून यायला मध्यरात्र उलटली. आजीनं कडी काढून ठेवलेली होती, पण दार करकरायचं आणि ती उठली की गुलालाच्या कपड्यांवरून बोलणी बसली असती. म्हणून बाहेर बैलगाडीतच पडलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आधी आवाज आला, मग धूळ. त्या धुळीचा वास मला ओळखू आला, कारण मिरगाआधी ती माती मीच वर चढवली होती. माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छत, गळू नये म्हणून दरसाल पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. जुना थर कोण काढतंय? आजीनं पाटीमागं चार आणे कबूल केले होते. मी एकतीस पाट्या वाहिल्या. सात रुपये तिनं हातावर ठेवले, वरचे बारा आणे दसऱ्याला देते म्हणाली.

असो.

मग पत्र्याची शेडं. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं. पण रात्री कुणी रडायला लागलं की पलीकडच्या शेडातून कुणीतरी नुसतं खाकरायचं. तेवढ्यावर मला झोप लागायची. पुढं नवं गाव झालं. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फुटांची घरं, सरळ रेषेतले रुंद रस्ते. आमची गल्ली फुटली, चुलता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. पहिल्या रात्री आई म्हणाली, "हितं कुणाचा आवाजच येत न्हाई की रं."

म्हणून बायकोला सांगत आलो, भीती नाही, सोबत लागते. लग्नात तिला शब्दही दिला होता, वर्षभरात आत झोपायला येतो. तो शब्द देणारा खोटारडा नव्हता, नुसता पंचविशीतला होता. परवा तिनं शांतपणे विचारलं, "सोबत लागते, तर मग त्या खोलीत एकटेच का झोपता?"

मी चहा प्यायलो.

मागच्या पावसाळ्यात घराचा स्लॅब गळायला लागला. गवंडी म्हणाला, वरून दोन इंच कोबा टाकतो, दोन दिवसांचं काम. मी त्याला माघारी लावलं. आत बादली ठेवलेली आहे. भरली की बायको ओतते.