शेकरूची चार घरटी

रविवार, रात्र.

लाईट सातला गेली ती साडेनवालाच आली, आणि पाऊस तर थांबायचं नावच घेत नव्हता. भाचा आलाय मुक्कामाला, चौथीतलं पोरगं, मोबाईलची बॅटरी संपल्यावर डोकं खायला लागलं, मग त्यानंच खेळ काढला. प्रत्येकानं एक प्राणी निवडायचा, खोटा, मनातला, पण कायम आपल्यासोबत हिंडणारा. अट मी घातली, आपल्या जिल्ह्यातल्याच प्राण्यावरनं बनवायचा, ड्रॅगन-बिगन बंद.

पठ्ठ्यानं लगेच चित्ता सांगितला. म्हटलं आपल्याकडं चित्ता कुठला रे, आणि मग माझं मलाच आठवलं, संस्थानच्या काळात कोल्हापुरात शिकारीचे चित्ते होते की, डोळे झाकून गाडीतनं माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की सोडायचे. सांगायला नको होतं. "मग झाला की कोल्हापूरचा!" आफ्रिकेतनं पण आणलेले म्हणालो तर म्हणतोय, "मामा, तू तरी कुठं इथला, आज्जी सांगत्या तुझा जन्म सांगलीचा." यावर काय बोलणार. चित्ता मंजूर. तो पंचगंगेत पोहतो आणि फक्त पांढरा रस्सा पितो.

हिनं धनेश घेतला. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते आणि नर बाहेरनं फळं आणून भरवत बसतो, हे तिला कुठनं माहीत कुणास ठाऊक. "मला तसलाच पाहिजे, आत बसून आयतं खायचं," म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मी उठून मेणबत्ती सरळ केली.

मी आधी गवाच म्हणणार होतो. दाजीपूरचं जंगल १९५८ साली राखलं तेच मुळी गव्यासाठी, आणि एकदा पहाटे रस्त्याकडेला उभा बघितलाय, काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, गाडी बंद करून गप्प बसलो होतो सगळे. पण टनाच्या घरातलं जनावर राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर ठेवणार कुठं, सोसायटीवाले टू व्हीलर लावताना कटकट करतात. आणि खरं सांगायचं तर माझ्यात गव्यासारखं काहीच नाही, साधं डिपॉझिट परत मागताना आवाज बसतो माझा.

मग शेकरू. तांबूस अंग, शेपूट अंगापेक्षा लांब, जमिनीवर उतरायचं काम फार कमी. आणि ते एक घरटं बांधून थांबत नाही, वेगवेगळ्या झाडांवर चार-पाच बांधून ठेवतं, हे मला लई आवडतं. मंगळवार पेठ, शाहूपुरी, कळंबा आणि आता हे, माझी पण चार झाली, फरक एवढाच की मला जुन्या घरात परत जाता येत नाही, अजून मंगळवार पेठेतनं गाडी नेताना मान आपोआप त्या खिडकीकडं वळते. माझ्या शेकरूला मात्र चारी घरं उघडी, छपरावरनं उड्या मारत जातं आणि कुठल्या घरात आता काय शिजतंय ते येऊन सांगतं.

"मग झोपतं कुठं?" भाच्यानं विचारलं. मला सांगता येईना. तो म्हणाला थांब, काढूनच दाखवतो, आणि मेणबत्तीच्या उजेडात स्केचपेन घेऊन बसला. शेपूट कागदावर मावली नाही, टेबलक्लॉथवर गेली, हातभर. हिनं अजून बघितलेलं नाही.