दहापैकी किती?

दिवस ३

आज लिहायला जमतंय. आडवं पडूनच, पाय तीन उशांवर. पाय हृदयापेक्षा वर राहिला तरच सूज उतरेल, असं नर्सने दोनदा बजावलंय. पोटावर वही धरली की पेन उलटं होतं आणि शाई उतरत नाही, म्हणून पेन्सिल.

वहीसुद्धा तिच्याच सांगण्यावरून. रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. हॉस्पिटलात गेल्या गेल्या पहिला प्रश्न हाच होता. मी सात म्हटलं. आठ म्हटलं तर कांगावा वाटेल, सहा म्हटलं तर तासभर बसवून ठेवतील, एवढाच हिशेब. दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

इथली भाषा मला ऑफिसपुरती येते. मीटिंग निभावते, भाडेकरार वाचते, चुकीच्या बिलावरून भांडतेसुद्धा. पण पाय कसा दुखतोय हे सांगायला तोंड उघडलं आणि हाताशी एकच शब्द निघाला, 'दुखतंय'. फार तर 'खूप दुखतंय'.

पडले कशी, हे विचारू नये. जिना संपला असं समजून पाऊल टाकलं, तर एक पायरी उरली होती. टाच वर उचललेली आणि सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर. 'कट्' असा आवाज मला चक्क ऐकू आला, तरी मुरगळला असेल म्हणून दोन तास बर्फ लावत बसले.

सकाळी ७, संध्याकाळी ६.

दिवस ५

करंगळीच्या मागे पावलाच्या कडेने जाणारं लांब हाड म्हणजे पाचवं मेटाटार्सल. ते बुडाजवळ मोडलंय. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने नाचताना स्वतःच्याच पायाचं हे हाड मोडून घेतलं आणि १९०२ साली त्यावर लेख लिहिला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. निदान तो नाचत तरी होता.

एका पावलात २६ हाडं असतात. त्यांतलं नेमकं हेच का, तर या जागी रक्तपुरवठा तोकडा असतो. दोन्ही टोकांकडून पाणी यावं आणि मधल्या घरात नळाला बारीक धार लागावी, तसं. म्हणून हे हाड जुळायला वेळ घेतं, कधी कधी जुळतच नाही आणि मग स्क्रू घालावा लागतो. माझं जागचं हललेलं नाही, त्यामुळे तूर्त गुडघ्याखाली प्लास्टर. (आता ते फायबरग्लासचं असतं, पण तोंडात प्लास्टरच बसलंय.) सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही.

आईला सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉल छातीपर्यंतच असतो, त्याची सोय आहे. सारखी लोळतेस का, असं तिने काल विचारलं. सुट्टी घेतलीय म्हटलं.

दिवस ११

कुबड्या आणि चहा.

चहा करता येतो. एका पायावर उभं राहून, ओट्याला कंबर टेकून, आरामात. मग कप हातात घ्यायला जावं तर दोन्ही हात कुबड्यांत. ओट्यापासून टेबलापर्यंत चार पावलं आहेत आणि तो कप तिथे न्यायचा कोणताही मार्ग नाही. पहिले तीन दिवस ओट्याशीच उभ्याने प्यायले. चौथ्या दिवशी कप सरकवत ओट्याच्या टोकाशी आणला, तिथून स्टुलावर, स्टूल कुबडीने ढकललं. अर्धा स्टुलावर सांडला. आता घट्ट झाकणाची बाटली पिशवीत घालून गळ्यात अडकवते. गळ्यात गरम बाटली घेऊन एका पायावर उड्या मारत जाणारी मी, हे आईला दिसायला हवं होतं, असं वाटून गेलं. मग आठवलं की तिला काहीच दिसायला नकोय.

कुबड्यांचे नियम पाठ झालेत. काखेत दोन-तीन बोटं जागा सोडायची, भार तळव्यांवर. काखेवर टाकला तर नस दबून हात बधिर होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नियम पाठ असूनही मी जिना बसून उतरते, एकेक पायरी, लहान मुलं उतरतात तशी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काल मला तशी पाहिली. तीन वर्षांत आमचं मान हलवण्यापलीकडे बोलणं झालेलं नाही. त्या वर आल्या, माझ्या हातातली कचऱ्याची पिशवी काढून घेतली आणि एक शब्द न बोलता खाली गेल्या. आज सकाळी दारावर टकटक. पिशवी न्यायला.

४, ४.

दिवस १६

हे दिवसाउजेडी लिहितेय, काल रात्रीचं.

दीड वाजता पोटरीने जाग आली. डिस्चार्जच्या कागदावर ठळक अक्षरांत एक ओळ आहे. पोटरी दुखली, सुजली किंवा धाप लागली तर थांबू नका. पाय हलत नसला की शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईने आधी आकडा विचारला. पाच म्हटलं. मग तिने दोन शब्द टाकले, यातलं कोणतं म्हणून. एक मला माहीतच नव्हता. दुसरा ऐकलेला होता, पण नक्की कशाला वापरतात ते ठाऊक नव्हतं. धाप लागतेय का, ते कळलं. नाही म्हटलं. तिने सगळं हळू आणि मोठ्याने पुन्हा विचारलं, आणि मी घाईने 'बघते' म्हणून फोन ठेवला. मूर्खपणा, कबूल.

मग आईला लावला. तिकडे उजाडलं होतं.

"पोटरी दुखतेय."

"गोळा आलाय?"

"माहीत नाही."

"गोळा असेल तर वळून येईल आणि सुटेल. सुटतोय का?"

"नाही. तसाच आहे."

"ठणकतंय का मग?"

"ठणकत नाही गं. भरून आल्यासारखं. जड. आतून."

"दाबून बघ जरा. दाबलं की जास्त दुखतंय?"

"दाबता येत नाही, प्लास्टर आहे."

पलीकडे आवाज बंद. मला वाटलं लाइन गेली.

"कसलं प्लास्टर?"

सोळा दिवसांचं सगळं मग दोन मिनिटांत बाहेर आलं. ती रागावली नाही. म्हणाली, "रागवायचं ते मी नंतर बघते. आधी दवाखान्यात जा. सुटत नाही म्हणजे गोळा नाही तो." कधी नव्हे ते डॉक्टर झाली होती. पण तेवढं बोलणं झाल्यावर मला सांगता आलं. हेल्पलाइनला परत फोन केला आणि साध्या शब्दांत म्हटलं, येऊन जात नाही, सतत आहे, जड आहे, आत आहे. त्यांनी लगेच बोलावलं.

प्लास्टर करवतीने कापलं आणि सोनोग्राफी केली. ते यंत्र शीर दाबून दाबून बघतं. रिकामी शीर दाबली की चपटी होते, गाठ असलेली होत नाही. पडद्यावर काळा गोल दिसायचा, दाबलं की मिटायचा. पुन्हा दिसायचा, पुन्हा मिटायचा. गुडघ्यामागून खाली घोट्यापर्यंत सगळे मिटले. मी प्रत्येक गोलाला श्वास धरत होते. गाठ नव्हती. जुनं प्लास्टर आत सूज वाढून पोटरीला आवळत होतं, एवढंच. नवं घातलं.

दिवस १७

आईचा फोन. नंतर रागवायचं होतं ते रागावून झालं, यथास्थित, पाऊण तास.

दिवस २३

आईचा रोज तोच प्रश्न, आज कसं? आकडा सांगितला की ऐकून घेत नाही. "तीन म्हणजे काय? तीन काय?" म्हणून वहीत आकड्यापुढे शब्द लिहायला लागले. मागचीही पानं आठवून भरली. पहिले चार दिवस ठणका. मग ठसठस, विशेषतः पाय खाली सोडला की. आता मध्येच एखादी सणक येते करंगळीपर्यंत आणि जाते. प्लास्टरच्या आत खाज, तिला आकडा काय द्यायचा?

एक गंमत. २ आणि २ असे दोन दिवस लागोपाठ आहेत. एकापुढे 'चमक', दुसऱ्यापुढे 'मुंग्या'. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

दिवस ४४

प्लास्टर निघालं. आतला पाय दुसऱ्या कुणाचा वाटला. पोटरी डाव्याच्या मानाने निम्मी, कातडी सालपटासारखी सुटलेली. मोजा घातला तर हुळहुळला, जणू कातडीला कापडाची सवयच राहिली नव्हती. एक्स-रेमध्ये चिरेवर धुक्यासारखी पुसट सावली आहे. डॉक्टरांनी पेनाचं टोक तिच्यावर ठेवलं. नवं हाड. मला तर डाग वाटला असता. स्क्रू नको म्हणाले.

नर्सने वही चाळली. आकड्यांशेजारचं हे काय लिहिलंय, असं विचारलं. मी 'ठसठस' समजावायला हाताची मूठ उघडमीट करून दाखवली. 'सणक'ला बोट झर्रकन पायावरून ओढलं. 'रग' अजून यायची होती, ती सांगितली नाही. तिने हसून पुढच्या चौकटीत फक्त २ लिहिलं. तिच्या कागदावर दुसरी जागाच नव्हती.

दिवस ५१

आता वॉकिंग बूट. त्याचा तळ एवढा जाड की डावा पाय खुजा झालाय आणि कंबर धरते. डाव्या बुटात जाड सोल घालायला सांगितलंय. रग आली. पोटरीत, मांडीत, जिथे तिथे. इतकी ओळखीची की बरं वाटलं. लहानपणी शाळेच्या सहलीहून आलं की असायची तीच.

खालच्या बाईंनी कचऱ्याची पिशवी आज माझ्याच हातात ठेवली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून मी खाली पोचेपर्यंत बघत राहिल्या.

दिवस ७३

दोन्ही पायांत बूट. सकाळची पहिली दहा पावलं अवघडलेली, मग सुटतात. आकडा १. आई म्हणाली, "अवघडलंय म्हणजे दुखत नाही, लिहू नकोस." मी लिहिलं.

संध्याकाळी दोन्ही बूट दाराशी काढून ठेवले. डाव्याची टाच एका कडेने साफ झिजलीय. उजवा नवाच्या नवा.